हरू न दिलेला डाव

विनायकराव जावळे यांनी जन्मात कुणाचं फुकट काही घेतलं नाही. या गोष्टीचा त्यांना जितका अभिमान होता तितकाच घरच्यांना वैताग होता. भाजीवाल्यानं वरून चार मिरच्या टाकल्या तर ते त्या उचलून परत त्याच्या ढिगात ठेवत. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली तर चव घेण्याआधी बायकोला, रजनीबाईंना, विचारत, "काय काम निघालं हिचं?" खीर गार व्हायची आणि रजनीबाई तापायच्या.

हा संशय त्यांनी आईच्या पोटातून आणला नव्हता, नोकरीनं लावला होता. चौतीस वर्षं ते बुऱ्हाणपुरात जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत होते. बांधावरून डोकी फोडणारी माणसं रोज समोर उभी असत. फोपनारच्या उखर्डूची गोष्ट तर ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. या उखर्डूनं शेजाऱ्याला तीन हात जमीन हसत हसत सोडून दिली आणि वर पेढे वाटले. शेजारी खूश. दोन वर्षांनी उखर्डूनं त्याच पट्टीवरून आपली वहिवाट दाखवली आणि शेजाऱ्याच्या उभ्या केळीतून ट्रॅक्टर काढला. "जो सोडतो तो सापळा मांडतो," असं म्हणून विनायकराव गोष्ट संपवत आणि पाहुणा हातातल्या चहाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागे.

बुद्धिबळही ते असंच खेळत. एकेका प्याद्याच्या मागे भक्कम आधार, राजा कड्याकुलपात. समोरच्यानं काही पुढ्यात टाकलं तर त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे ते हरत क्वचित आणि जिंकतही क्वचितच. त्यांच्या तोडीस तोड असा माणूस पंचक्रोशीत एकच होता, अनंत भंगाळे.

अनंत तापीपलीकडच्या जैनाबादचा. शाळेत दोघं एका बाकावर बसले, एकाच मास्तरांकडून पट मांडायला शिकले. पुढे अनंत स्वतः मास्तर झाला. त्याचा आवाज असा की शेवटच्या वर्गात शिकवायला लागला की पहिल्या वर्गातली पोरं लिहून घेत. डाव हरला तरी मोठ्यानं, जिंकला तरी मोठ्यानं. पन्नास वर्षांत दोघांनी किती डाव मांडले याची गणती नाही, पण कुणाचे जास्त हा वाद कधी मिटला नाही, कारण खरंच कुणाचेच जास्त नव्हते.

सात वर्षांपूर्वी गणपतीत एका मंडळानं स्पर्धा ठेवली आणि शेवटच्या फेरीत हे दोघं समोरासमोर आले. अनंत जिंकत होता. त्याचा हात घोड्यावरून गेला आणि त्यानं उंट उचलला. विनायकरावांनी चारचौघांत त्याचं मनगट धरलं. "हात लावला की चाल. घोडा हलवावा लागेल." अनंत म्हणाला, लावला नाही. विनायकराव म्हणाले, मी पाहिलं. पंच बिचारा कालचा पोरगा, त्यानं नियम वाचून दाखवला. घोडा हलवला आणि डाव गेला. अनंत उठला. अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विन्या, आजपासून तू माझ्याशी बोलायचं नाहीस आणि मीही नाही." त्यानं ते पाळलं. यांनीही पाळलं.

गावाची एक रीत असते. दोन माणसांचं बिनसलं की गाव आधी समेटाचा प्रयत्न करतं, तो फसला की मग एकाच्या समोर दुसऱ्याचं नाव काढणं बंद करतं. वर्षभरात बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद दोन्हीकडच्या लोकांनी ही खबरदारी अंगवळणी पाडून घेतली. विनायकराव चौकात आले की जैनाबादचा विषय तिथल्या तिथे गिळला जाई.

मग चार वर्षं उलटल्यावर एक दिवस पोस्टकार्ड आलं. अक्षर टपोरं, फळ्यावर लिहिल्यासारखं. "राजापुढचं प्यादं दोन घरं. उत्तर दे. जो हरेल त्यानं पूल ओलांडून दुसऱ्याच्या दारात यायचं आणि आधी बोलायचं. अनंत."

विनायकरावांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच दिवशी उत्तर टाकलं. रजनीबाईंना वाटलं, चला, सुटलं एकदाचं. त्यांना काय माहीत की हा डाव तीन वर्षं चालणार. दोन्ही घरांत अंतर साडेतीन किलोमीटर, पण पत्र आधी दुसऱ्या शहरात वर्गवारीला जाई आणि तिथून पलीकडच्या काठावर येई. एका चालीला कधी चार दिवस लागत, कधी नऊ. विनायकरावांनी बैठकीत खिडकीखाली वेगळा पट मांडला होता. त्याला झाडू लागू द्यायचा नाही, नातवंडं आली तर ती खोली बंद.

खरं सांगायचं तर दोघांनाही एकमेकांना भेटायचं होतं. नाहीतर एवढा खटाटोप कोण करतं? पण भेटण्यासाठी कुणीतरी हरायला हवं होतं आणि हरणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. बरोबरी झाली तर काय करायचं हे कार्डावर लिहिलेलंच नव्हतं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, इतके ते शहाणे.

यंदाच्या माघात गोष्टी बदलू लागल्या. आधी अक्षर बदललं. टपोरी अक्षरं बारकी झाली, ओळी उजवीकडे उतरू लागल्या. मग शाई जाऊन पेन्सिल आली. विनायकरावांना ते झोंबलं. पेन्सिलनं लिहायचं म्हणजे समोरच्याला किंमत न देणं, असा त्यांचा हिशेब. मग एके दुपारी त्यांनी भिंग घेऊन कार्डावरचा शिक्का वाचला. शिक्का इंदूरचा होता.

"इंदूरला काय करतोय हा?" ते पुटपुटले.

रजनीबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "अहो, मी मंदिरात ऐकलं..."

"थांब!" विनायकराव एकदम ओरडले. "डाव चालू असताना पलीकडची बातमी मला नको. तो कुठं जातो, कुणाला भेटतो, हे ऐकून खेळलो तर ती लबाडी झाली."

"लबाडी कसली त्यात? माणसाची तबियत..."

"रजनी, नाही म्हटलं ना."

रजनीबाईंनी सूप उचललं आणि आत निघून गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात बाईला एक कळतं, कुठल्या दाराला धडका मारून उपयोग नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी दार फोडायला हवं होतं. पुढे त्या स्वतःच तसं म्हणाल्या.

इंदूरचा अर्थ विनायकरावांनी आपल्या पद्धतीनं लावला. इंदूरला मोठे खेळाडू आहेत, शिकवण्या आहेत, यंत्रावर डाव तपासून देणारी पोरं आहेत. अनंतानं पाठीमागे कुणीतरी उभं केलंय. म्हणजे आता समोर अनंत नाही, भलताच कुणी आहे, आणि तो काय विचार करतो ते आपल्याला कळत नाही. या विचारानं ते खरंच घाबरले. दुपारी वीज गेली की गल्लीतले यंत्रमाग एकाएकी थांबत आणि एवढी सामसूम होई की त्यांना पटाकडे पाहवत नसे. त्यांनी पटावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. चाल बघायची असली की टॉवेलचं टोक उचलून बघत.

आणि मग ते कार्ड आलं.

पेन्सिलची चार अक्षरं. अनंतानं आपला हत्ती नेऊन विनायकरावांच्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवला होता. मागे आधार नाही, पुढे हल्ला नाही. शाळेतलं पोरही असं खेळणार नाही. दोघांकडे एकेक वजीर, एकेक हत्ती, सारखी प्यादी, म्हणजे तराजू अगदी काट्यावर. हत्ती घेतला की डाव विनायकरावांचा, यात शंका नव्हती.

शंका नव्हती म्हणूनच त्यांना शंका आली.

आठ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. हत्ती घेतला तर वजीर कुठून येतो, शह कुठून बसतो, राजा कुठं सापडतो. पटावरून सोंगट्या उचलत, मांडत, कागदावर खुणा करत. जेवणाचं ताट समोर निवत राही. सापळा काही सापडेना. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. विनायकरावांना दरदरून घाम फुटला. सापडत नाही त्या अर्थी सापळा फार खोल आहे, इतका की आपली नजर तिथवर पोचत नाही.

"नका ना एवढं डोकं शिणवू," रजनीबाई म्हणाल्या. "देतोय तर घ्या."

"फोपनारच्या शेजाऱ्यानंपण घेतली होती."

त्यांनी हत्ती घेतला नाही. राजा एक घर मागे सरकवला आणि कार्ड टाकलं.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. शिक्का पुन्हा इंदूरचा. कार्डाच्या एका कोपऱ्याला पिवळट डाग होता आणि औषधाचा उग्र वास येत होता. रजनीबाईंनी तो घेतला आणि त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. विनायकरावांना वास आला नाही असं नाही, पण त्यांचे डोळे चालीवर खिळले होते. अनंतानं तोच हत्ती उचलून आता थेट त्यांच्या वजिराच्या पुढ्यात ठेवला होता. पुन्हा फुकट. आणि खाली, तीन वर्षांत पहिल्यांदा, चालीव्यतिरिक्त दोन शब्द लिहिले होते. "घे ना."

ते शब्द वाचून विनायकरावांनी कार्ड पालथं ठेवलं. कसायानं बकरीला पाला दाखवावा तसे ते त्यांना वाटले. त्यांच्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी "घ्या ना" म्हटलं होतं त्यांनी नंतर कोर्टाची पायरी चढवली होती. या डावात काहीतरी वाईट दडलंय, तो लवकरात लवकर संपवला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

आणि तोड त्यांना सापडलीही. हत्तीला न शिवता वजिरानं शह द्यायचा. अनंताच्या राजाला जायला एकच घर. पुन्हा शह. राजाला परत यायला एकच घर, पहिलंच. पुन्हा शह, पुन्हा तेच. या फेऱ्यातून त्याला सुटका नव्हती. विनायकरावांनी सगळ्या चाली एकाच कार्डावर ओळीनं लिहिल्या आणि खाली लाल शाईनं लिहिलं, "तीनदा तीच स्थिती. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत. मान्य असल्यास सही करून पाठवावे." कचेरीतून सुटून सात-आठ वर्षं झाली होती, पण भाषा सुटली नव्हती.

कार्ड पेटीत टाकून घरी आल्यावर त्यांनी पोटभर जेवण केलं. "वाचलो," ते रजनीबाईंना म्हणाले. "त्याला काय करायचं होतं कोण जाणे, पण मी सापडलो नाही."

रजनीबाई त्यांचं ताट उचलून आत गेल्या.

आठवडा गेला. दोन गेले. सहीचं कार्ड येईना. चैत्राचं ऊन डोक्यावर आलं. पोस्टमन गल्लीत शिरला की विनायकराव ओट्यावर येऊन उभे राहत आणि तो नुसती मान हलवून पुढे जाई. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पटावरचा टॉवेल काढला आणि पहिल्यांदा, काहीही न शोधता, नुसतं त्या हत्तीकडे पाहिलं. तो तिथं उघड्यावर उभा होता. हत्ती घेतला असता तर पुढच्या दहा-बारा चालींत अनंत हरला असता. म्हणजे त्याला पूल ओलांडावा लागला असता. इथपर्यंत विचार आला आणि ते पटासमोर खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून अनंताची बायको उतरली. मालूबाईंना त्यांनी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. बाई अर्धी झाली होती.

"वहिनी? या, बसा. रजनी, पाणी आण."

"बसत नाही भाऊ. हे द्यायले आली." मालूबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. विनायकरावांचंच कार्ड होतं ते, लाल शाईचं. खाली पेन्सिलनं सही होती. "टपालात टाक म्हने, नियम आहे. सही करून माह्यापाशी देल्लं व्हतं. दवाखान्याच्या गडबडीत पिशवीतच राह्यलं."

"कसला दवाखाना?" विनायकरावांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक झालं होतं, तरी विचारलं.

"तुमाले कोनीच नाही सांगतलं?" मालूबाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग दारात तांब्या घेऊन उभ्या रजनीबाईंकडे पाहिलं. रजनीबाईंनी मान खाली घातली. "गळ्याचा कॅन्सर, भाऊ. माघापासून इंदोरले सिकाई, ते किरनांचं शेकनं, चालू व्हती. तुमचं कार्ड आलं की पोरगा फोनवर वाचून दाखवे, हे तिथून उत्तर टाकत. मंग डॉक्टर म्हने, सिकाईनं भागत नाही, आवाजाची पेटी काढा लागते. तारीख देल्ली. हे म्हने, थांबा. माहा डाव हरायचा राह्यला."

"हरायचा?"

"हो ना. म्हने, आवाज हाये तवर हरतो, पूल वलांडून जातो, विन्याशी दोन शब्द बोलतो, मंग कापा काय कापायचं ते. दोन तारखा पुढं ढकलल्या भाऊ. डॉक्टर रागावले, पोरगा रडला. मी म्हनलं, लिहून टाका ना सरळ, हरलो म्हनून. तर म्हने, तसं त्याले चालत नाही. तो म्हनंल दया केली. त्याले पटावर हरवलेलंच खरं वाटते." मालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "रोज पोराले विचारत, घेतला का विन्यानं हत्ती? घेतला का? मंग हे लाल कार्ड आलं, ते पोरगा घेऊनच इंदोरले आला. ऐकून हसले. म्हने, याच्यासंगं हरनंबी नशिबात नाही. सही केली आन दुसऱ्या दिवशी ऑपरेशनले गेले."

रजनीबाईंच्या हातातला तांब्या तसाच होता. कुणी पाणी प्यायलं नाही.

"ते हरायले बसले व्हते भाऊ," मालूबाई म्हणाल्या. "तुमी हरू नाही देल्लं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर विनायकरावांना त्याला काही उत्तर देता आलं असतं.

ते आत गेले नाहीत, सदरा बदलला नाही, पायात रबरी चपला होत्या तशाच घेऊन रिक्षात बसले. पूल दोन-अडीच मिनिटांत संपला. खाली तापीत पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते. पलीकडे केळीचे ट्रक भरत होते. सात वर्षं दोघांनी एकमेकांसाठी जे ओलांडलं नव्हतं ते एवढंसं होतं. विनायकरावांना आपली इतकी चीड आली की त्यांनी मूठ वळून मांडीवर आपटली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि नजर फिरवली.

अनंत ओसरीवर खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती पातळ पांढरं फडकं, त्याखाली श्वासाचं भोक. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा असावा इतका ढगळ. विनायकरावांना पाहून तो उठायला लागला. त्यांनी पुढे होऊन त्याला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले.

"अनंता, आलो रे मी." आणि मग पन्नास वर्षांच्या सवयीनं तोंडून निघून गेलं, "बोल."

शब्द बाहेर पडला आणि काय बोललो ते त्यांना कळलं. मालूबाई लगबगीनं आत जाऊन पाटी आणि खडू घेऊन आल्या. दवाखान्यानं तेच शिकवलं होतं, काही हवं असलं की लिहायचं. अनंतानं पाटी हातानं बाजूला सारली. मालूबाईंनी पुन्हा पुढे केली तर त्यानं रागानं मान हलवली. अट लिहिण्याची नव्हती, बोलण्याची होती. हरला कुणीच नव्हता, तरी हरणाऱ्यानं बोलायची अट त्यानं आपल्याच अंगावर घेतली.

त्यानं विनायकरावांचं मनगट धरलं आणि बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या, एकदा तो हसलाही. आवाज नव्हता. गळ्यावरचं फडकं तेवढं हवेनं फुगत होतं आणि बसत होतं. एक वाक्य नाही, चार-पाच तरी असतील. मालूबाई हळूच म्हणाल्या, "दोन महिने पाठ करून ठेवलं व्हतं त्याहीनं. मलेबी नाही सांगतलं." विनायकराव गुडघ्यांवर उठले, कान त्याच्या तोंडाशी नेला. नुसती गरम हवा कानाला लागली.

अनंत थांबला आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याचं बोलून झालं होतं. आता तो उत्तराची वाट बघत होता.

ज्या माणसानं चौतीस वर्षं स्वतः मोजल्याशिवाय एका बांधावर सही केली नाही, त्यानं मान हलवली. "ऐकलं," विनायकराव म्हणाले. "सगळं ऐकलं मी, अनंता."

अनंतानं मनगट सोडलं आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले.

आता ते रोज सकाळी पूल ओलांडून जातात. अनंताला भरवतात, त्याच्याशी पट मांडतात. अनंत पाटीवर सगळं लिहितो, चहा, औषध, पोराचा नंबर, "विन्या, चाल कर." पण त्या दिवशी तो काय बोलला ते विनायकरावांना अजून माहीत नाही, आणि ऐकलं असं सांगून बसल्यामुळे ते आता विचारूही शकत नाहीत.